आधी परतणं, मग जाणं: गोव्याच्या पाण्यात मुलांना शीडहोडी शिकवण्याचा क्रम

शीडहोडी वाऱ्यासरशी पुढे नेणं नऊ वर्षांच्या मुलालाही अर्ध्या तासात जमतं. ती परत आणणं मात्र जमत नाही, आणि बहुतेक फजित्या तिथेच होतात. म्हणून खालचा क्रम उलटा लावला आहे: आधी उलटलेली होडी सरळ करणं, मग होडी थांबवणं, मग दुसऱ्या होडीमागून ओढून नेली जाणं, आणि सगळ्यात शेवटी चालवणं. नऊ ते पंधरा वयाची बारा मुलं, सहा होड्या, दोन प्रशिक्षक, एक मोटरबोट आणि दहा दिवस, रोज तीन तास, असा वर्ग धरून हे लिहिलं आहे. सहा मुलं पाण्यात असताना उरलेली सहा दुसऱ्या प्रशिक्षकाजवळ किनाऱ्यावर गाठी आणि होडीची जोडणी शिकतात. सव्वा तासाने अदलाबदल.

पंचांग बघून तारीख ठरवा

जून ते सप्टेंबर हा विषयच नाही. मांडवीच्या मुखाशी आग्वादच्या वाळूच्या बांधावर पावसाळ्यात लाटा एवढ्या फुटतात की मोठ्या बोटीही ती वाट टाळतात. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केला म्हणून दुसऱ्या दिवशी मुलांना पाण्यात घालायचं नसतं. ऑक्टोबरात वारा मंद असतो, पण संध्याकाळी गडगडाट होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी नवशिक्यांसाठी सर्वांत चांगले. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा वारा जोरदार असतो, आठवडाभर शिकलेल्या मुलांना तो मजा देतो आणि पहिल्या दिवसाच्या मुलांना रडवतो. मेच्या उत्तरार्धात वळवाचा भरवसा नाही.

दिवसाचा वारा ठरलेल्या वळणाने जातो. पहाटे आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, तोही हलका. दहा-अकराच्या सुमारास पडल्यासारखा होतो. मग पश्चिम-वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत जोरात असतो.

आता यात पाणी मिसळा. गोव्यात दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, आणि दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, त्याच्या निम्म्याच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांत गोव्यात साधारण दुपारच्या आधी भरती पूर्ण होते आणि संध्याकाळपर्यंत ओहोटी चालते. म्हणजे खारा वारा ऐन जोरात आत ढकलत असतो तेव्हाच नदीचं पाणी ऐन जोरात बाहेर धावत असतं. वारा आणि पाणी समोरासमोर आले की मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. त्यात ऑप्टिमिस्ट या मुलांच्या होडीसारखी बुटकी होडी नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, पाणी घेते.

अष्टमी-नवमीच्या सुमारास नेमकं उलट. दुपारभर भरती चढत असते, वाराही आतच येत असतो आणि एकूण पाण्याची ओढही कमी. चुकलेली होडी आपोआप खाडीत, किनाऱ्याकडे येते. म्हणून दहा दिवसांचा वर्ग अष्टमीच्या एक-दोन दिवस आधी सुरू करा. पौर्णिमा किंवा अमावास्या येईपर्यंत मुलं वाऱ्याविरुद्ध परत यायला शिकलेली असतात. तरीही त्या दिवसांत वर्ग सकाळी आठ ते अकरा ठेवा.

तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब मुंबईकडच्या पाण्यावर बेतलेला आहे. गोव्यात भरती मुंबईपेक्षा आधी येते. अंदाजाला तो चालेल, वेळापत्रक मात्र मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरूनच करा.

मोठ्या मुलांना बाराव्या भागाचा नियम शिकवा. सहा तासांच्या ओहोटीत पाणी तासागणिक एकूण उताराच्या 1, 2, 3, 3, 2, 1 एवढे बारावे भाग उतरतं. दोन मीटरच्या ओहोटीत पहिल्या तासाला जेमतेम 17 सेंटिमीटर, तिसऱ्या आणि चौथ्या तासाला प्रत्येकी अर्धा मीटर. पहिल्या तासात पाणी शांत दिसतं म्हणून मुलं लांब जातात आणि तिसऱ्या तासात अडकतात. आपल्या असमान भरत्यांमुळे हा हिशोब ढोबळच राहतो, पण मधले दोन तास धोक्याचे ही गोष्ट डोक्यात पक्की बसते. हलक्या वाऱ्यात नवशिक्या मुलाची होडी वाऱ्याविरुद्ध तिरकी जात दीड नॉटने पुढे सरकते (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे 1.85 किलोमीटर). समोरून एक नॉटची ओढ असली की हाती उरतो अर्धा नॉट, म्हणजे तासाला एक किलोमीटरही नाही.

जागा

कळंगुट-बागा नको. मोकळ्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांमधून होडी आत-बाहेर करणं हे वेगळं कौशल्य आहे, ते दुसऱ्या वर्षी. पणजीसमोरच्या मांडवीत फेरीबोटी, कॅसिनोच्या बोटी आणि पर्यटक फिरवणाऱ्या बोटींची वर्दळ असते. दोना पावलाचा आडोशाचा भाग, तिथून आत बांबोळी-शिरदोनकडचा जुवारीचा काठ, दक्षिणेत साळ नदीचा आतला भाग या जागा बऱ्या. दोना पावलाला नाताळाच्या आठवड्यात जलक्रीडेच्या मोटरबोटी एवढ्या असतात की सुट्टी असूनही ते दिवस सोडलेलेच बरे.

जागा पक्की करण्याआधी भर ओहोटीला एकदा चालत जाऊन या. भरतीत जे दिसत नाही ते तेव्हा दिसतं: कालवं चिकटलेले धारदार खडक, मासेमारीच्या खुंट्या, जाळी, चिखल. मुलांनी रबरी तळव्याचे जुने बूट घालायचे ते या कालवांसाठी. चपला चिखलात राहतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची वेळ असेल तर तो पट्टा मोकळा सोडायचा, आणि हे तिथल्या रापणकारांशी आधीच बोलून ठेवायचं. पाण्याचा तो काठ त्यांचा रोजचा आहे, आणि अडचणीच्या वेळी सर्वांत आधी होडी घालणारेही तेच असतात. मोटरबोटीची नोंदणी आणि पाण्याचा पट्टा वापरण्याची परवानगी यासाठी बंदर कप्तान खात्याकडे वर्गाच्या बरंच आधी जा.

होडी

सुरुवातीला ऑप्टिमिस्ट. 1947 साली अमेरिकेत फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी आखलेली ही होडी जवळपास 2.3 मीटर लांब, 35 किलोची, एकच शीड असलेली. दिसायला टोपलीसारखी, म्हणून मोठी मुलं नाक मुरडतात. पण सपाट तळामुळे ती सहज उलटत नाही आणि उलटलीच तर एकट्या मुलाला सरळ करता येते. 55 किलोच्या वरच्या मुलाला तीत कोंबू नका. त्याच्यासाठी आयएलसीए-4 घ्या, जिला पूर्वी लेझर 4.7 म्हणत: 4.2 मीटर लांब, 4.7 चौरस मीटरचं शीड.

जोडणीचा क्रम असा. नाळ वाऱ्याकडे ठेवा. नाहीतर शीड भरतं आणि होडी वाळूवरच आडवी होते. शीड डोलकाठीला आणि बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीला, बारीक दोऱ्यांनी बांधलेलं असतं. एकही दोरी सैल नको. डोलकाठी पुढच्या फळीतून खालच्या खाचेत बसवा आणि तिचा क्लॅम्प किंवा दोरी पक्की करा. हे मुद्दाम सांगण्याचं कारण असं की ही पायरी विसरली तर होडी उलटल्यावर डोलकाठी खाचेतून निसटते आणि बाहेर पडताना फळी किंवा खाच फोडते. होडी दुरुस्तीला जाण्याचं हे सर्वांत फालतू कारण आहे.

मग स्प्रिट, म्हणजे शिडाचं वरचं टोक उचलून धरणारी तिरकी काठी. ती किती ताणायची हे शिडावरच्या सुरकुत्या सांगतात. डोलकाठीच्या माथ्याकडून बूमच्या मागच्या टोकाकडे तिरकी घडी दिसली तर स्प्रिट सैल आहे. शिडाच्या सर्वांत उंच टोकाकडून खाली डोलकाठीच्या पायथ्याकडे घडी दिसली तर जास्त ताणली आहे. दोन्ही घड्या जेमतेम नाहीशा होतील तिथे थांबा.

होडीत हवेच्या तीन पिशव्या असतात. सकाळी फुगवून ठेवा आणि पंधरा मिनिटांनी दाबून बघा. मऊ लागली तर झडप किंवा शिवण गळते आहे, ती होडी आज पाण्यात नाही. डॅगरबोर्ड, म्हणजे मधल्या खाचेतून तळाखाली जाणारी फळी, दोरीने होडीला बांधलेला हवा. उलटल्यावर तो निसटून गेला की होडी सरळ करायला हाताला काहीच उरत नाही. सुकाणूची खिट्टी बसली का पाहा. पाणी उपसायचं भांडं बांधलेलं असावं. नाळेला आठ मीटर तरंगणारी दोरी.

एक सूचना शिक्षकांना. बूम आवरणाऱ्या दोरीला ‘शीट’ म्हणतात आणि आपल्याकडे sailला शीड. वाऱ्यात ओरडून सांगताना दोन्ही सारखेच ऐकू येतात. पहिले चार दिवस नुसतं ‘दोरी’ म्हणा.

अंगावर काय, आणि पोहणं किती

पोहण्याची परीक्षा तलावात नव्हे, वर्गाच्याच पाण्यात आणि कपड्यांसकट घ्या: 50 मीटर पोहणं, मग पाच मिनिटं तरंगणं. शैली कोणतीही चालेल, घाबरणं चालणार नाही. नापास झालेल्याला घरी पाठवू नका. त्याला गाठी, वल्हवणं आणि मोटरबोटीवरचा मदतनीस या कामांत घ्या आणि पोहणं समांतर चालू ठेवा.

जॅकेट 50 न्यूटन तरणशक्तीचं, मुलाच्या वजनाच्या मापाचं. सगळे पट्टे लावून खांद्यांना धरून वर ओढा. हनुवटीच्या वर सरकलं तर माप मोठं आहे. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठं घेतलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर तोंडावर येतं. लांब बाह्यांचा घट्ट सदरा, दोरी बांधलेली टोपी, दीड लिटर पाणी. गळ्यात साखळी किंवा लांब दोरा नको, तो कशातही अडकतो. जेलीफिशचा दंश झाला तर चिकटलेले धागे काढून समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही.

मोटरबोट आणि बिल्ले

सहा होड्यांमागे एक मोटरबोट, चालक आणि मदतनीस धरून दोन माणसं. इंजिन बंद करणारी सुरक्षेची दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेलीच हवी. पाण्यातल्या मुलाजवळ हळू, नाळ वाऱ्याकडे ठेवून जायचं आणि हात पोहोचायच्या आत इंजिन पूर्ण बंद. न्यूट्रल पुरत नाही. बोटीत असावं: व्हीएचएफ रेडिओ (चॅनेल 16), पाणबंद पिशवीत मोबाइल, दोरी कापायची सुरी, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, जादा दोरी, नांगर. तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आणि सर्वसाधारण मदतीचा 112 बोटीवर रंगवून ठेवा. फोनमध्ये साठवलेला क्रमांक ओल्या हातांनी सापडत नाही.

किनाऱ्यावर एक फळी, तिला बारा खिळे, प्रत्येक खिळ्यावर मुलाच्या नावाचा बिल्ला. पाण्यात जाताना बिल्ला उलटा, परत आल्यावर सुलटा, आणि तो मुलानेच फिरवायचा. एकही बिल्ला उलटा असेपर्यंत मोटरबोट पाण्यातून बाहेर काढायची नाही.

वाऱ्याची मर्यादा आधीच लिहून लावा. पहिल्या पाच दिवसांत 8 नॉट, पुढे 12. यंत्र नसेल तर पाणी बघा: लाटांवर तुरळक पांढरे तुरे दिसले की 7 ते 10 नॉट, जागोजाग दिसले की 11 च्या पुढे. गडगडाट ऐकू आला की सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणीही आत नाही. मर्यादा लिहिलेली असली की ‘अजून एकच फेरी’ म्हणणाऱ्या पालकाशी वाद घालावा लागत नाही.

पहिला दिवस: गाठी

पाचच गाठी, पण डोळे मिटून आल्या पाहिजेत. आठाची गाठ दोरीच्या टोकाला, ती कप्पीतून निसटू नये म्हणून. क्लीटला, म्हणजे दोरी अडकवायच्या खुंटीला, दोरी गुंडाळणं. दोन वेढे आणि दोन अर्ध्या गाठी, खांबाला होडी बांधायला. चपटी गाठ, शिडाच्या बारीक दोऱ्यांसाठी. ती दोन होड्या ओढण्याच्या दोऱ्या जोडायला वापरू नका, झटक्याने सुटते.

पाचवी बोलाइन, जी न सरकणारा फास देते. दोरीच्या लांब भागावर एक छोटा वेढा करा, टोकाकडची दोरी वर राहील असा. टोक त्या वेढ्यातून खालून वर काढा, लांब दोरीच्या मागून वळवा, त्याच वेढ्यातून परत खाली घाला, आवळा. टोक वीतभर बाहेर ठेवा. गाठ ओढताच उलगडली तर वेढा उलटा पडला होता, बाकी काही चुकलेलं नसतं.

दुसरा आणि तिसरा दिवस: उलटणं

इथे घाई करू नका. आधी वाळूवर होडी आडवी करून प्रत्येकाला सगळ्या पायऱ्या कोरड्यातच करायला लावा. मग पाण्यात, पण किमान तीन मीटर खोलीत. उथळात डोलकाठीचं टोक चिखलात रुततं आणि होडी सरळ होतच नाही. मूल घाबरतं आणि पुढचा आठवडा वाया जातो.

1. पडल्याबरोबर होडीला धरा. किनारा कितीही जवळ वाटला तरी होडी सोडून पोहायचं नाही. मोटरबोटीला होडी दुरून दिसते, पाण्यातलं डोकं दिसत नाही.
2. बूमची दोरी मोकळी आहे ना ते पाहा. अडकलेली असेल तर सरळ होताच शीड भरतं आणि होडी मुलाला मागे ठेवून निघते.
3. होडी न सोडता मागच्या बाजूने वळसा घालून तळाकडे, डॅगरबोर्डपाशी या.
4. नाळ वाऱ्याकडे वळवा. हे टाळलं तर उचललं जाणारं शीड वाऱ्यात सापडतं आणि होडी उलट्या बाजूला, थेट मुलाच्या अंगावर येते.
5. डॅगरबोर्ड मुळाशी, तळाजवळ दोन्ही हातांनी धरा, पाय होडीच्या काठाला लावा, मागे रेला. टोकाला लटकलं तर फळी मोडते. हिसके नकोत. शिडावरचं पाणी निथळायला वेळ लागतो, त्यामुळे पहिले दहा सेकंद काहीच होत नाही असं वाटतं.
6. होडी सरळ झाली की बाजूने चढा, मधे बसा, पाणी उपसा. होडी पाण्याने भरलेली असते आणि डचमळून पुन्हा उलटायला बघते, म्हणून अर्धं पाणी निघेपर्यंत उभं राहायचं नाही.

होडी पूर्ण पालथी झाली तर तळावर चढून डॅगरबोर्ड धरून रेलायचं. ती आधी आडवी होते, मग सरळ. पालथ्या होडीखाली हवा असते, तिथे श्वास घेता येतो, हे प्रत्येकाला प्रशिक्षकासोबत एकदा प्रत्यक्ष दाखवा. शिडाखाली अडकलं तर एका हाताने कापड वर ढकलून श्वासापुरती जागा करायची आणि एक शिवण पकडून तिच्याच रेषेत कडेपर्यंत जायचं. दिशा बदलली की गोल फिरत राहतो.

प्रत्येकाने हे तीनदा, मदतीशिवाय, केलं की पुढे. एखाद्याला चार दिवस लागले तर लागू देत.

तिसऱ्या दिवशी ओढून नेली जाणंही शिकवा. डॅगरबोर्ड वर, स्प्रिट सैल, मूल मागच्या बाजूला बसलेलं. बोर्ड खाली राहिला तर ओढताना होडी बाजूला पळते आणि उलटते.

चौथ्या दिवसापासून: थांबणं, मग चालणं

पहिला धडा थांबण्याचा. वारा बाजूने, किंचित पुढून येईल अशी होडी ठेवा आणि दोरी सोडा. शीड फडफडतं, होडी थांबते. शिट्टी वाजली की सगळ्यांनी हेच करायचं. दिवसातून दहा वेळा वाजवा.

मग दोन बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, वाऱ्याला आडवे, साठ-सत्तर मीटर अंतरावर. त्यांच्याभोवती आठच्या आकड्यासारखं फिरायचं, दोन्ही टोकांना वाऱ्याकडे वळून. वारा आडवा असल्याने जाणं आणि येणं सारखंच सोपं. मूल वाऱ्याकडच्या काठावर, शिडाकडे तोंड करून बसतं. दोरी शीड फडफडायचं थांबेल एवढीच ओढायची. नवशिके ती पोटाशी आवळून धरतात, त्याने होडी कलते आणि हळू होते.

वळण्याचा, म्हणजे टॅकचा क्रम: वाऱ्याकडच्या बाजूला कोणी नाही ना पाहा, मोठ्याने ‘टॅक’ म्हणा, टिलर (सुकाणूचा दांडा) शिडाकडे ढकला, बूम डोक्यावर येताना वाका, नाळेकडे तोंड ठेवून दुसऱ्या काठावर जा, हात बदला, टिलर मधे आणा. होडी ऐन वाऱ्यात नाळ धरून उभी राहिली तर बहुधा वेग नसताना वळायला घेतलं होतं, किंवा टिलर घाबरून अर्ध्यावर सोडला. सुटका: बूम आणि टिलर दोन्ही एकाच बाजूला ढकला. होडी मागे सरकत वळते. मग दोन्ही ओढून घ्या.

वाऱ्याच्या थेट दिशेच्या दोन्ही बाजूंना सुमारे 45 अंशांत होडी जात नाही, म्हणून वाऱ्याकडे जायचं ते नागमोडी. सहाव्या-सातव्या दिवशी रोज आधी वाऱ्याकडे जा, मग वाऱ्याबरोबर या. उलट कधीच नाही. थकलेल्या मुलाचा परतीचा रस्ता सोपा असला पाहिजे. जाइब, म्हणजे वारा मागून घेत वळणं, आठव्या दिवशी आणि 6 नॉटच्या आत. बूम झपकन येते, डोकी तिथेच फुटतात.

रहदारी

दोन शीडहोड्या समोरासमोर आल्या तर जिला वारा डाव्या बाजूने लागतो तिने वाट द्यायची. दोघींना एकाच बाजूने लागत असेल तर वाऱ्याकडच्या होडीने. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने नेहमीच. ‘मोटरबोटीने शिडाला वाट द्यायची’ हा अर्धा नियम मुलं कुठून तरी ऐकून येतात. अरुंद मार्गातून जाणाऱ्या बार्जला (सपाट मालवाहू बोटीला) किंवा जहाजाला अडवण्याचा हक्क शीडहोडीला नाही. बार्जच्या पुढ्यातलं बरंचसं पाणी चालकाला दिसतच नाही, आणि ती लवकर थांबतही नाही. नेहमी मागून ओलांडा. भोंगा पाच वेळा तुटक वाजला तर त्याचा अर्थ: तुम्ही काय करताय ते मला कळत नाही.

रोज शेवटी

होडी, कप्प्या, सुकाणूच्या खिट्ट्या गोड्या पाण्याने धुवा. शीड सावलीत वाळवून गुंडाळा, कोंबू नका. पिशव्यांची हवा थोडी सोडा, उन्हात फुटतात. तुटलेल्या वस्तूची नोंद वहीत, होडीच्या क्रमांकासह, त्याच दिवशी.

दहाव्या दिवशी मिळणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल पालकांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. ते जहाजावरच्या नोकरीचं कागदपत्र नव्हे. त्यासाठी नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, वेगळं लागतं. शर्यतींकडे वळणाऱ्यांसाठी भारतीय यॉटिंग संघटनेशी संलग्न क्लब, गणवेशाची आवड असणाऱ्यांसाठी एनसीसीची नौदल शाखा. आणि मुलींच्या पालकांनी ‘हे तिच्यासाठी आहे का’ विचारलं तर त्यांना नदीपलीकडे वेरेंला आयएनएस मांडवीकडे बोट दाखवा. 2017 मध्ये तारिणी घेऊन सहा महिला नौदल अधिकारी तिथूनच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि मे 2018 मध्ये तिथेच परतल्या. ती होडी बांधलीही गोव्यातच, दिवाडीला.